माझं पोट आणि अख्खी मेलाती गल्ली

सोलो शहरात भल्या माणसाने विनाकारण पायी चालू नये. चालायचंच असेल तर हातात निदान एखादी पिशवी असावी, केळ्यांचा फणा असावा, गेला बाजार एखादी कोंबडी तरी असावी, म्हणजे बघणाऱ्याला कारण दिसतं. रिकाम्या हाताने चालणाऱ्या माणसाचं एक तर डोकं फिरलेलं असतं, नाही तर त्याची मोटरसायकल गहाण पडलेली असते. मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. पोरांना नकाशावरून सात समुद्र फिरवून आणलं. पण स्वतः कोपऱ्यावरच्या दुकानात काडेपेटी आणायलाही मोटरसायकलवरूनच गेलो. यात आळस नव्हता. आमच्याकडची ती रीतच आहे.

ही रीत मोडायची वेळ माझ्यावर माझ्या पोटाने आणली.

आमच्या घराण्यात पोटाचं काही धड नाही. थोरले बंधू मोठ्या आतड्याच्या कॅन्सरने गेले. त्याआधी वडील ‘पोटाच्या दुखण्याने’ गेले होते. त्याहून जास्त चौकशी करायची त्या काळी पद्धत नव्हती. म्हणून माझी बायको मुर्तिनी हिने मला जवळजवळ दंडाला धरून हॉस्पिटलात नेलं. तिथे त्यांनी नळी घालून माझं आतडं पाहिलं आणि त्यात एक छोटासा कोंब सापडला, तो काढून टाकला. त्यात वाईट काही निघालं नाही, पण राहू दिला असता तर पुढे काय झालं असतं ते सांगता येत नव्हतं. सहा महिन्यांनी परत नळी घालून बघायचं ठरलं.

त्या दिवसापासून मुर्तिनी झोपेत माझ्या पोटावर हात ठेवायला लागली. दिवसा ती माझ्यावर नेहमीसारखी डाफरायची, आणि डाफरणारी मुर्तिनी मला चालते. तो झोपेतला हात मात्र मला सोसवत नसे. मी तसाच जागा राहून त्या हाताचं वजन सांभाळत बसायचो. मला भीती वाटत होती, हे इथे सरळच सांगून टाकतो, कारण पुढे मी बराच रुबाब करणार आहे.

तर, डॉक्टर वेनिंग म्हणून एक तरुण डॉक्टरीणबाई. आवाज इतका मऊ, की वाईट बातमीसुद्धा त्यांच्या तोंडून ऐकताना आभार मानावेसे वाटतात. आमच्याकडे पुरुषाच्या नावाआधी मानाने ‘पाक’ लावतात आणि बाईच्या नावाआधी ‘बू’. त्या म्हणाल्या, “पाक दार्सोनो, तुमच्या आतड्यात एक जंतू जरा जास्तच सापडला. एरवी तो तोंडात राहतो, हिरड्यांपाशी. पण आतड्याच्या कॅन्सरच्या गाठींमध्ये तो पुष्कळदा दिसतो.”

“म्हणजे गाठ तोच आणतो?”

“तो गाठ आणतो, की गाठ आल्यावर तिथे राहायला येतो, याचा अजून अभ्यास चाललाय. आम्हाला बघायचंय, की माणूस रोज नेटाने चालला तर हा जंतू कमी होतो का.”

“होतो का?”

“ते माहीत असतं तर तुम्हाला कशाला चालवलं असतं?”

अट साधी होती. रोज तासभर झपझप चालायचं. मनगटावर एक पट्टा बांधायचा, तो चालणं आणि काळजाचे ठोके टिपणार. दर महिन्याला नमुना द्यायचा. कशाचा, ते मी सांगत नाही, सुज्ञांना कळेल. आणि चालण्यात खंड पडला तर नाव बाद. मुर्तिनीने हे सगळं नवस ऐकावा तसं ऐकलं. चालणं मोडलं तर पोट मोडलं, असा हिशेब तिने तिथल्या तिथे मनात मांडून टाकला. डॉक्टर वेनिंग ‘अजून माहीत नाही’ असं तीनदा म्हणाल्या, पण ते तिच्या कानावरून वाऱ्यासारखं गेलं.

संमतीच्या कागदावर घराबाहेरच्या एका माणसाची साक्ष हवी होती. इथे मी आयुष्यातली एक मोठी चूक केली. मी पाक एर्तेंकडे गेलो.

पाक एर्ते म्हणजे आमच्या मेलाती गल्लीने निवडून दिलेला प्रमुख. जन्म, मृत्यू, लग्न, गॅसची टाकी, हरवलेलं मांजर, सगळं त्याच्या शिक्क्याखालून जातं. आमचे पाक एर्ते सुगितो नावाचे. धंदा पक्ष्यांचे पिंजरे विकण्याचा, आणि स्वभाव शिक्के मारण्याचा.

“नुसती सही?” सुगितो म्हणाले. “मास्तर, शिक्क्याशिवाय सहीला कोण विचारतो? शिक्का मारायचा तर शिफारसपत्र पाहिजे. शिफारसपत्रात प्रयोजन पाहिजे. बोला, प्रयोजन काय?”

“संशोधन.”

“कसलं?”

“आरोग्याचं.”

“हे म्हणजे कुठे राहता विचारलं तर पृथ्वीवर म्हणून सांगायचं. नीट बोला.”

तिथे बाकावर आमच्या शेजारच्या बू तुमिरा बसल्या होत्या. त्यांचा तळणीचा गाडा आहे, आणि कान असे आहेत की कढई तडतडत असताना पलीकडच्या घरातलं भांडण त्यांना शब्दन् शब्द ऐकू येतं. मी खुर्ची पुढे ओढून सुगितोंच्या कानात प्रयोजन सांगितलं. ते त्यांनी एका बोटाने टंकायला घेतलं, आणि टंकताना प्रत्येक शब्द मोठ्याने म्हणायची त्यांना सवय आहे.

“शौ-चा-चा... न-मु-ना... बरं, मग पोटात जंतू आहे म्हणा की.”

“आहे.”

“कधीपासून?”

“वर्षानुवर्षं असेल. कोण जाणे.”

सुगितोंनी टंकणं थांबवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “मास्तर, हे तुमचं चुकलंच. चोवीस तासांच्या वर मुक्काम करणाऱ्या प्रत्येक पाहुण्याची वर्दी माझ्याकडे द्यायची असते. कमानीवर पाटी लावलीय. शिकलेल्या माणसाने वाचू नये म्हणजे कमाल आहे.”

बू तुमिरा इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. संध्याकाळपर्यंत गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुगितोंचा मजकूर आला: ‘मास्तर दार्सोनो यांच्या पोटात वर्दी न देता राहिलेले पाहुणे लवकर निघून जावोत, सर्वांनी प्रार्थना करावी.’ खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. ज्या विद्यार्थ्यांना मी नाईल नदीचं मूळ शिकवलं, तेसुद्धा हात जोडून उभे होते. त्या रात्री मी जेवलो नाही. म्हणजे मुर्तिनीने आग्रह करेपर्यंत जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चालायला निघालो. कमान ओलांडतोय तोच पाठीमागून कास्नोची मोटरसायकल आली. हा आमच्या मागच्या घरात राहतो आणि बाटिकच्या दुकानात कापडाचे गठ्ठे पोचवतो.

“बसा मास्तर.”

“नको, चालतोय.”

“मोटरसायकल बिघडली?”

“नाही रे. चालतोय.”

“कुठे?”

“कुठेच नाही.”

“मग तिथपर्यंत सोडतो ना.”

आता आमच्याकडे नकार हा होकाराचा पहिला हप्ता असतो. ‘नको’ म्हटलं की समोरचा समजतो, माणूस संस्कारी आहे. दुसऱ्यांदा ‘नको’ म्हटलं की समजतो, फारच संस्कारी आहे. तिसऱ्यांदा म्हटलं की मात्र त्याचं तोंड उतरतं, आणि सकाळी सकाळी कोणाचं तोंड उतरवणं मला जमत नाही. मी बसलो. कास्नोने मला कालव्याच्या पुलावर नेऊन सोडलं. तिथून पायी परतावं म्हणून चार पावलं टाकली, तर माझाच एक जुना विद्यार्थी थांबला आणि त्याने मला घरी आणून सोडलं. त्या दिवशी माझ्या पट्ट्यात जो काही व्यायाम नोंदला गेला, तो मोटरसायकलवर चढण्या-उतरण्याचा होता.

मग मी गल्लीतल्या गल्लीत चालायचं ठरवलं. पण गल्लीत प्रत्येक दारातून हाक येते. “या ना, टेका घटकाभर.” न टेकता पुढे जाणं म्हणजे त्या घराशी जुनं भांडण असल्याची जाहीर कबुली. बू तुमिरांकडे टेकलं की साखरेचा पाक झालेला चहा, तळलेलं तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, आणि केळ्याची भजी. “खा हो, चालून दमलात,” असं म्हणून त्या आणखी दोन भजी वाढायच्या. महिन्याने डॉक्टर वेनिंगनी वजन बघितलं आणि मऊ आवाजात विचारलं, “पाक, आपण चालताना थांबता का कुठे?” मी म्हणालो, “अधूनमधून.”

इकडे मास्तरांची मोटरसायकल गेली, अशी बातमी गल्लीभर झाली. रोज पायी दिसतात, विचारलं तर कुठे जातो ते सांगत नाहीत, चेहरा पडलेला. एका सकाळी आमच्या ओट्यावर तांदळाची पिशवी, अंडी आणि तेलाची बाटली ठेवलेली निघाली. कोणी ठेवली ते कळू नये अशी काळजी घेऊन ठेवली होती, म्हणजे ती सगळ्यांनी मिळून ठेवली होती. मुर्तिनी संतापली. “आजवर या ओट्यावर कोणाचं शिळं भांडंसुद्धा आलं नाही. तुमच्या चालण्यापायी आता अंडी यायला लागली.” मी मोटरसायकल बाहेर काढून दिवसभर दारात उभी करून ठेवली. त्यावर कास्नो म्हणाला, “विकायला काढलीत वाटतं.”

यावर तोडगा मुर्तिनीनेच काढला. शिक्षक संघाच्या कुठल्याशा वर्धापनदिनाला मिळालेला हिरवा व्यायामाचा पोशाख तिने ट्रंकेतून काढला, वर पांढरी टोपी घातली आणि नारिंगी बूट आणले. आमच्या देशात गणवेशाला मान आहे. साध्या सदऱ्यात चालणारा तो बिचारा, आणि हिरव्या पोशाखात चालणारा तो कार्यक्रम. त्या दिवसापासून मोटरसायकली थांबेनाशा झाल्या. लोक फक्त एवढंच विचारायचे की सोडतीत बक्षीस काय आहे. कारण आमच्याकडे सार्वजनिक चालण्याचा कार्यक्रम असला की शेवटी चिठ्ठ्या काढतात आणि कोणाला तरी सायकल किंवा भात शिजवायचं यंत्र मिळतं. बक्षीस नाही म्हटल्यावर एक-दोघं माझ्या मागून चालू लागले. त्यांच्या मते ज्या अर्थी मास्तर लपवतायत, त्या अर्थी फ्रिज असणार.

तर असं माझं चालणं एकदाचं रुळावर आलं. नमुन्याचं मात्र रुळावर येत नव्हतं. पहिला नमुना मी बर्फाच्या छोट्या पेटीत घालून, वर मुर्तिनीने स्वच्छ फडक्याची गाठ मारून, हॉस्पिटलात नेला. खिडकीशी एक हसतमुख मुलगी बसली होती. मागे रांग, रांगेत बायाबापड्या, त्यात माझ्या एका जुन्या सहकाऱ्याची पत्नी. मी पेटी पुढे सरकवून म्हणालो, “हे डॉक्टर वेनिंगसाठी. घरून आणलंय.”

“अय्या, कशाला त्रास घेतलात,” ती म्हणाली.

“त्रास कसला,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

“मास्तरीणबाईंनी स्वतः केलंय?”

मागून सहकाऱ्याच्या पत्नीने माझ्याकडे कौतुकाने बघितलं. तो शब्द उच्चारणं माझ्या तोंडाला शक्यच नव्हतं. भेट आणणाऱ्यासमोर ती उघडून बघायची नाही, ही तिची सभ्यता. आणि भेट नाही हे सांगायचं नाही, ही माझी. या दोन सभ्यतांच्या मधून ती पेटी आतल्या चहाच्या खोलीत गेली. मी बाकावर बसून घामाघूम झालो. शेवटी डॉक्टर वेनिंग समोरून जाताना दिसल्या, तेव्हा मी उठून नुसताच त्या खोलीकडे हात केला. माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोणास ठाऊक, पण मऊ आवाजाच्या त्या बाई मी प्रथमच धावताना बघितल्या. फडक्याची गाठ अर्धी सुटली होती म्हणे.

चौथ्या महिन्यात माझा पाय मुरगळला. बू तुमिरांच्या ओट्यावरून, भजी नाकारण्याच्या प्रयत्नात, मी मागे सरलो आणि गटारात गेलो. घोटा भोपळ्याएवढा झाला. दोन आठवडे पाय टेकायचा नाही असं सांगितलं. चालण्यात खंड पडला तर नाव बाद, हे मला पाठ होतं आणि मुर्तिनीलाही. तिने माझे नारिंगी बूट पुसून कोपऱ्यात नीट लावून ठेवले, आणि त्या रात्री हात पुन्हा पोटावर आला.

दुसऱ्या दिवशी गल्ली समाचाराला आली. सुगितो पलंगाच्या कडेला बसले.

“मास्तर, डॉक्टरीणबाईंना तुम्ही दिसता का पट्टा दिसतो?”

“पट्टा.”

“झालं तर मग. एकट्याने का ओढायचं? गल्ली कशाला आहे?”

आमच्याकडे कोणाचं छप्पर चढवायचं असलं तर सगळे हात लावतात. विहीर उपसायची असली तरी सगळे. एकाचं ओझं एकट्याला ओढू देणं हे गल्लीच्या बेअब्रूचं समजतात. आणि आमच्याकडे रात्रीची गस्त असते. रोज एका घरचा माणूस हातात वाजवायचा पोकळ बांबू घेऊन पहाटेपर्यंत फिरतो. सुगितोंनी माझा पट्टा त्या गस्तीला लावून दिला. मी नकार दिला, पण आमच्याकडच्या नकाराबद्दल वर सांगितलंच आहे.

पट्टा जोरात चालला. माझा घोटा उशीवर पडून होता आणि मी रात्रभर गल्लीबोळ पालथे घालत होतो. कधी मी कास्नो असायचो, कधी सुगितो, कधी आणखी कोणी. घोटा बरा झाला तरी सुगितो पट्टा सोडायला तयार होईनात. “दिवसा तुम्ही, रात्री आम्ही. दुप्पट चालणं, दुप्पट जंतू बाहेर,” ते म्हणाले. मुर्तिनीलाही हे गणित पटलं.

मग डॉक्टर वेनिंगचा फोन आला.

“पाक, तुम्ही झोपता कधी?”

“अधूनमधून.”

“परवा रात्री तुमचं काळीज एकदम जोरात धावायला लागलं. काय झालं होतं?”

परवा रात्री सुगितोंच्या पिंजऱ्यांवर उदमांजर आलं होतं, आणि कास्नो मला मनगटाला बांधून त्याच्यामागे कालव्यापर्यंत पळाला होता. मी म्हणालो, “स्वप्न पडलं.”

“धावण्याचं? इतका वेळ?”

“मोठं स्वप्न होतं.”

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. “आणि काही रात्री तुम्ही लांब ढांगा टाकता, काही रात्री तुरुतुरु चालता. मला काळजी वाटतेय, पाक. आपण नळीची तपासणी थोडी अलीकडे घेऊ.”

खोटं बोललेला माणूस तपासणीला जाताना कसा जातो, ते मी त्या दिवशी शिकलो. मला वाटलं होतं, मी आणि मुर्तिनी गुपचूप जाऊन येऊ. पण मेलाती गल्लीतला माणूस हॉस्पिटलात गेला की गल्ली मागोमाग जाते, मग तो आजारी असो वा नसो. भाड्याची गाडी करून सगळे आले. पाव, संत्री, गरम पाण्याचा थर्मास, आणि बू तुमिरांची भजी, जी मला खायची परवानगी नव्हती आणि म्हणून बाकीच्यांनी संपवली.

गुंगीतून डोळे उघडले तेव्हा पडद्याच्या आत डॉक्टर वेनिंग उभ्या होत्या. “आतडं स्वच्छ आहे, पाक. नवीन काही नाही. जंतूही पुष्कळ कमी झालेला दिसतोय.”

मुर्तिनीने माझी विजार घडी केली, उलगडली, परत घडी केली. मी तिच्याकडे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर आम्ही दोघंही रडलो असतो आणि पडद्यापलीकडे गल्ली उभी होती.

“चालण्यानेच कमी झाला ना?” मी विचारलं.

“ते मला आता कधीच कळणार नाही,” डॉक्टर वेनिंग म्हणाल्या. “कारण या पट्ट्यात एक माणूस नाहीये. किती आहेत, ते तेवढं सांगा.”

मी तोंड उघडायच्या आत पडदा सरकला आणि सुगितो आत आले. अभिमानाने छाती फुगलेली. “सहा जण, डॉक्टरीणबाई. मास्तर सोडून. पाळ्या लावल्या होत्या. एक रात्र चुकवली नाही.”

मागून पाच माणसांनी विनयाने माना झुकवल्या. डॉक्टर वेनिंगनी एकदा त्या सगळ्यांकडे बघितलं, एकदा पट्ट्याकडे. “पाक, तुम्ही माझ्या अभ्यासाचं...”

“काम हलकं केलं,” सुगितो म्हणाले.

माझं नाव तिथल्या तिथे बाद झालं. नोकरीत मी पुष्कळांची नावं कापली असतील, पण माझं नाव कापलं जाण्याची ही पहिलीच वेळ, आणि तीही स्वच्छ आतड्यानिशी. मी भिंतीकडे तोंड फिरवलं. तेवढ्यात डॉक्टर वेनिंगचा आवाज आला, पहिल्यापेक्षाही मऊ. “पण रोज रात्रभर चालणारी सहा माणसं मला या शहरात कुठे सापडली असती? तुमची वेगळी नोंद करते. तुम्ही सहाही जणांनी नमुने द्यायचे.”

पडद्यापलीकडचा संत्री सोलण्याचा आवाज थांबला. कास्नो छताकडे बघू लागला. माझी विजार हातात धरून मुर्तिनी म्हणाली, “देतील ना. डबे मी वाटते.”

त्या आठवड्यात मला जे सुख झालं त्याचं वर्णन करणं बरं नव्हे. सहा माणसं फडक्यात बांधलेल्या पेट्या घेऊन, एकमेकांची नजर चुकवत, कमानीतून बाहेर पडत होती. प्रत्येकाला साक्ष लागत होती, साक्षीला शिक्का, शिक्क्याला शिफारसपत्र आणि शिफारसपत्राला प्रयोजन. स्वतःचं शिफारसपत्र सुगितोंना स्वतःच टंकावं लागलं. मी मुद्दाम बाकावर जाऊन बसलो होतो. पण त्या दिवशी टंकताना त्यांच्या तोंडून एक अक्षर फुटलं नाही.

पुढे तीनेक आठवड्यांनी, सकाळी मी ओट्यावर चहा घेत असताना सुगितो आले. पायी, रिकाम्या हाताने. बसले. पक्ष्यांचं बोलले, उसाच्या भावाचं बोलले, आमच्या आंब्याला मोहोर आलाय म्हणाले. आमच्या आंब्याला मोहोर आला नव्हता.

“मास्तर,” शेवटी ते म्हणाले, “त्या नळीने दुखतं का हो?”

मी कप खाली ठेवला.

“नमुन्यात रक्त निघालंय म्हणे. डॉक्टरीणबाईंनी बोलावलंय.”

“नळीने काही दुखत नाही,” मी म्हणालो. “आदल्या दिवशी पोट साफ करायचं एक पाणी पाजतात, ते मात्र जड जातं. त्या दिवशी माणसाला घराचा एकच दरवाजा माहीत असतो.”

एरवी या वाक्यावर सुगितो गल्ली दणाणून हसले असते. आता ते माझ्या नारिंगी बुटांकडे बघत राहिले. “धाकटीचं लग्न महिन्यावर आलंय. गल्लीला कळलं तर मांडवात लोक माझ्याकडे बघून डोळे पुसतील. पोरीचं लग्न राहील बाजूला. घरीसुद्धा सांगितलं नाही मी. मला भीती वाटते, मास्तर.”

माझा फोन समोर पडला होता. ग्रुप एका अंगठ्याच्या अंतरावर होता. खोटं कशाला बोलू, मजकूरसुद्धा क्षणभर सुचून गेला. पण मला तो झोपेतला हात आठवला. त्यांच्या घरी तर तसा हात ठेवायला कोणाला काही माहीतच नव्हतं.

“असं करा,” मी म्हणालो, “घरी सांगा, मास्तरांचं पोट परत उलटलं. रात्रभर त्यांच्याजवळ थांबावं लागणार, सकाळी हॉस्पिटलात न्यावं लागणार. ते पाणी आमच्याकडेच प्या.”

“आणि तुमची अब्रू?”

“ती तुम्ही शिक्का मारून मागेच वाटून टाकलीत. उरलेली घ्या.”

त्या रात्री आमच्या घरातला तो दरवाजा सुगितोंनीच वापरला. सकाळी आम्ही गेलो. कोंब निघाला, माझ्यापेक्षा बराच मोठा. डॉक्टर वेनिंगनी तो काढला, तपासायला पाठवला, आणि दोन-चार दिवसांनी कळवलं की वेळेवर निघाला. वर्षभर थांबला असता तर गोष्ट वेगळी होती. पण ते नंतर. त्या दुपारी आम्ही परत आलो तेव्हा सुगितोंचा चेहरा पांढराफटक होता, आणि कमानीतच बू तुमिरा उभ्या होत्या.

“अगंबाई, काय झालं? पाक एर्ते, तुमचा चेहरा असा का?”

मी पोट धरून वाकलो. “माझं हो. परत उपटलं. हे बिचारे रात्रभर माझ्यापायी जागे.”

संध्याकाळी गल्लीने पेजेची पातेली आणली. मी पलंगावर पांघरूण घेऊन पडलो होतो, सुगितो शेजारी खुर्चीवर. जो येई तो आधी माझ्याकडे दयेने बघे आणि मग सुगितोंचा खांदा थोपटून म्हणे, “किती करता हो तुम्ही मास्तरांचं.” सुगितो मान खाली घालून बसले होते. मी जमेल तेवढा कण्हत होतो.

सगळे बाहेर ओट्यावर गेल्यावर मुर्तिनीने दार लोटलं. माझ्या पुढ्यातलं पेजेचं वाडगं उचलून तिने सुगितोंच्या हातात दिलं आणि म्हणाली, “गरम आहे तोवर खा. दुसरं काही चालणार नाही तुम्हाला आज.” सुगितोंनी पहिला घास घेतला आणि त्यांच्या डोळ्यांतून टपटप पाणी वाडग्यात पडायला लागलं. ते तसेच खात राहिले.

बाहेर बू तुमिरा कोणाला तरी सांगत होत्या, “मास्तरांचं काही खरं नाही हो आता. बघा, आतून रडण्याचा आवाज येतोय.”

मी आणखी मोठ्याने कण्हलो.